जुन्या मायनर लीग खेळाडूंचा मेळावा: आधी यादी, मग हॉल

मायनर लीग बेसबॉलच्या, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च पातळीच्या खालच्या व्यावसायिक बेसबॉलच्या, माजी खेळाडूंचे मेळावे फसतात ते बहुतेक एकाच कारणाने. हॉल ठरतो, केटरर ठरतो, टी-शर्टचा रंगसुद्धा ठरतो, आणि मग कोणीतरी विचारतं, "बोलवायचंय नक्की कोणाकोणाला?" तोवर हातात तीन महिने उरलेले असतात. येतात ते त्याच शहरात स्थायिक झालेले चार-सहा जण, मानधन घेऊन आलेला एखादा मेजर लीगवाला, आणि उरलेल्या खुर्च्यांवर स्थानिक पुढारी.

अमेरिकेतल्या लहान शहरांत राहणारी मराठी मंडळी आता तिथल्या वाचनालयांच्या, बूस्टर क्लबच्या (संघाच्या पाठीराख्यांच्या मंडळाच्या) कामात उतरतात. महाराष्ट्र मंडळाची दिवाळी पार पाडलेली असली की असलं काम आपसूक गळ्यात येतं. तो अनुभव जेवणावळीला उपयोगी पडतो, यादीला पडत नाही. मंडळात सभासदांची नावं वर्गणीच्या हिशेबात तयार असतात. इथे ती कोणाकडेच नसतात, बहुतेक वेळा क्लबकडेही नाहीत. तेव्हा खालचा क्रम मोडू नका आणि किमान वर्षभर हातात ठेवा.

टप्पा १: मेळावा कोणाचा, ते एका वाक्यात लिहा

"आपल्या गावच्या टीमचे जुने खेळाडू" हे वाक्य पुरत नाही. गावात एकाच नावाखाली वेगवेगळ्या मालकांचे, वेगवेगळ्या मेजर लीग संघांशी जोडलेले क्लब खेळून गेलेले असतात. १९६३ च्या फेररचनेआधी क्लास बी, सी, डी अशा पायऱ्या होत्या, त्या गेल्या. २०२१ मध्ये मेजर लीगने सगळी रचना हातात घेतली आणि संलग्न क्लब १२० वर आणले, तेव्हा चाळीसहून जास्त क्लबांची संलग्नता गेली. अॅपलाचियन लीग तर कॉलेजच्या मुलांची उन्हाळी लीग झाली. अशा गावात आज मैदानावर जो क्लब खेळतो, त्याचा जुन्या खेळाडूंशी कागदोपत्री संबंधच नसतो.

क्लब गाव सोडून गेला असेल तर आणखी पेच. पॉटकेट रेड सॉक्सने ऱ्होड आयलंडमधलं मॅकॉय स्टेडियम सोडलं आणि २०२१ पासून तो क्लब मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला खेळतो. १९८० च्या दशकातल्या पॉटकेटच्या खेळाडूंना बोलवायचं तर यजमान कोण, पॉटकेट की वूस्टर? हे पहिल्याच बैठकीत ठरवा, कारण पुढे बोधचिन्ह, जागा आणि पैसे या तिन्ही गोष्टी त्याच उत्तरावर अडतात.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला एक क्लब आणि फार तर दहा हंगाम. अख्ख्या लीगचा मेळावा अंगावर घेऊ नका. गाजलेला एखादा हंगाम किंवा एखादा सामनाही चालतो, पण मग समोरचा संघ विसरू नका. १९८१ मध्ये मॅकॉयवर पॉटकेट आणि रॉचेस्टर यांच्यात व्यावसायिक बेसबॉलमधला सर्वात लांबलेला सामना झाला. १८ एप्रिलच्या रात्री सुरू झालेला खेळ पहाटे चार वाजून सात मिनिटांनी ३२ इनिंगनंतर थांबवला, तेव्हा स्टेडियममध्ये १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला ३३ व्या इनिंगमध्ये पॉटकेट ३-२ ने जिंकलं. या सामन्याचं नाव निघालं की पुढे मेजर लीगमध्ये गाजलेले रॉचेस्टरचे कॅल रिपकेन आणि पॉटकेटचे वेड बॉग्ज आठवतात. पण विजयी फटका डेव्ह कोझा यांचा होता, आणि ते मेजर लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. आपला मेळावा कोझांसारख्यांचा असतो. रिपकेन यांच्या तोलाच्या माणसाच्या सोयीने तारीख ठरवायला निघालात की मेळाव्याचा सत्कार समारंभ होतो.

तपासा: क्लबचं नाव, गाव, वर्षं आणि आजचा यजमान, या चारही गोष्टी एका वाक्यात मावतात का? मावत नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) उभं करा

सगळ्यात जास्त वेळ याला द्या.

बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर मायनर लीगची हंगामवार नोंद आहे, तिथून सुरुवात करा. एका वेळी संघात पंचवीस-तीस खेळाडू असतात, पण हंगामभरात त्याच्या दुप्पट नावं येऊन जातात. कोणी वर बढती मिळून जातो, कोणाला काढून टाकतात, कोणी कॉलेज संपवून मध्येच येतो. ही सगळी नावं उतरवा. जुन्या क्लास डी संघांत काही ठिकाणी नुसतं आडनावच सापडेल. तिथे गावच्या वर्तमानपत्राचे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचे तक्ते) आणि हंगामाच्या सुरुवातीच्या बातम्या वाचाव्या लागतात. वाचनालयाच्या मायक्रोफिल्ममध्ये त्या मिळतात; जुन्या काळासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा संग्रह मोफत आहे.

आणखी दोन खजिने बऱ्याच जणांना ठाऊक नसतात. पहिला, 'द स्पोर्टिंग न्यूज'ने ठेवलेली खेळाडूंच्या करारांची कार्डं. कोण कुठून कुठे गेला ते त्यांवर तारीखवार लिहिलेलं असतं आणि ती आता डिजिटल रूपात पाहता येतात. दुसरा, आकडेतज्ज्ञ बिल वाइस यांनी खेळाडूंकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या. त्या अॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर आहेत. टोपणनाव, शाळा, मूळ गाव, पत्नीचं नाव हे खेळाडूच्याच अक्षरात मिळतं. मूळ गाव आणि पत्नीचं नाव हाताशी आलं की निम्मा शोध संपला.

तक्त्यात एवढे रकाने ठेवा: छापील नाव, हाक मारायचं नाव, पूर्ण नाव, हंगाम, जागा (पिचर, कॅचर वगैरे), मूळ गाव, हयात आहेत का, माहिती कोणाकडून मिळाली, फोन-पत्ता, भाषा. "माहिती कोणाकडून" हा रकाना सगळे गाळतात आणि सहा महिन्यांनी दोन स्वयंसेवक एकाच माणसाला दोनदा शोधत बसतात.

सावध, नावं: लॅटिन अमेरिकन खेळाडूंची नावं नोंदींमध्ये हमखास चुकलेली असतात. तिथे वडिलांचं आडनाव आधी आणि आईचं नंतर. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या फेलिपे रोहास आलू यांचं आडनाव रोहास. आलू हे आईकडचं. अमेरिकन बेसबॉलने शेवटचा शब्द उचलला आणि त्यांच्यासह तिघे भाऊ कायमचे 'आलू' झाले. प्वेर्तो रिकोचे खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते यांच्या बेसबॉल कार्डांवर कित्येक वर्षं 'बॉब' छापलं जात होतं. म्हणून छापील नावाने शोध लागला नाही तर दोन्ही आडनावांनी शोधा, आणि निमंत्रणावर त्या माणसाला जे नाव हवं तेच घाला.

सावध, सामन्यांची संख्या: "पाच-सहा सामने खेळलेल्यांना कशाला बोलवायचं?" असं कमिटीत कोणीतरी म्हणेलच. ऐकू नका. याच फेलिपे आलूंच्या १९५६ च्या नोंदीत लुइझियानातल्या लेक चार्ल्स संघाचे अगदी मोजके सामने दिसतात. खेळ कमी पडला म्हणून नव्हे, तर इव्हँजेलिन लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना खेळू द्यायला विरोध होता म्हणून त्यांना फ्लोरिडातल्या कोकोला धाडलं. तिथे त्यांची फलंदाजीची सरासरी .३८० होती. एखाद्या नावापुढचा आकडा छोटा का, हे न विचारता नाव काटलं तर ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच आपण दुसऱ्यांदा वगळतो.

यादी खेळाडूंवर थांबवू नका. क्लबहाउस मॅनेजर, ट्रेनर, त्या वेळचे बॅटबॉय, रेडिओवर सामना सांगणारे, बसचालक, स्थानिक अंपायर, आणि खेळाडूंना घरात ठेवून घेणारी होस्ट कुटुंबं, सगळे यादीत हवेत. मेजर लीगने २०२२ पासून राहण्याची सोय क्लबांवर टाकली. त्याआधी कित्येक गावांत खेळाडू अशा घरीच राहत. खेळाडू कोचचं नाव विसरतात, पण त्या घरच्या बाईंचं विसरत नाहीत.

टप्पा ३: माणसं शोधा, याच क्रमाने

आधी गावातली माणसं: होस्ट कुटुंबं, आणि गावातल्या मुलीशी लग्न करून तिथेच राहिलेले खेळाडू (असे प्रत्येक गावात निघतात). मग प्रत्येक हंगामाला एक म्होरक्या नेमा, तोही त्याच संघातला. जुन्या सहकाऱ्याचा फोन आणि अनोळखी स्वयंसेवकाचा फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बहुतेक संघांत अजून नाताळची कार्डं पाठवणारा एकजण असतोच. तो सापडला की पाच-दहा पत्ते एकदम मिळतात. कॅचर किंवा राखीव खेळाडूंमध्ये शोधा. स्टार मंडळींकडे पत्ते नसतात.

त्यानंतर मूळ गावचं वाचनालय, हायस्कूल आणि कॉलेजचं माजी विद्यार्थी कार्यालय. ही कार्यालयं पत्ता देत नाहीत, पण पत्र पुढे पाठवा म्हटलं तर बहुधा पाठवतात. फेसबुक सगळ्यात शेवटी.

अगदी खालच्या पायरीवरचे संघ, म्हणजे फ्लोरिडा-अॅरिझोनातल्या सराव केंद्रांवर खेळणारे, शोधायला सर्वात कठीण. तिथे प्रेक्षक नसतात, बूस्टर क्लब नसतो, होस्ट कुटुंबं नसतात. उत्तर प्रदेशातले बेसबॉल पिचर रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हेत) आणि दिनेश पटेल २००९ मध्ये पायरेट्स या मेजर लीग क्लबच्या अशाच गल्फ कोस्ट लीग संघात होते. त्या संघाचा मेळावा कधी भरवायचा झाला तर गावात विचारून काहीच हाती लागणार नाही. तिथे कोच आणि ट्रेनर यांनाच गाठावं लागेल.

सावध, निधन: फोन उचलण्याआधी मृत्युलेख तपासा. "साहेब आहेत का?" असं विचारावं आणि पलीकडून त्यांच्या पत्नीने "ते गेले त्याला वर्ष झालं" म्हणावं, हा प्रसंग पाच मिनिटांच्या शोधाने टळतो. निधन झालेलं असेल तर कुटुंबाला वेगळं पत्र लिहा आणि त्यांनाही बोलवा. विधवा आणि मुलं येतात, आणि ट्रंकेतले फोटो तीच आणतात.

पहिला संपर्क कागदी पत्राने करा. ते वाचनालयाच्या किंवा क्लबच्या लेटरहेडवर असू द्या आणि सोबत तिकीट लावलेलं उत्तराचं कार्ड ठेवा. ऐंशीच्या पुढच्या माणसांना रोज फसवणुकीचे फोन येतात. अनोळखी नंबर ते उचलत नाहीत, आणि बरोबरच करतात. पत्रात त्यांचा हंगाम, संघ आणि एखादा खरा तपशील घाला, म्हणजे अमुक तारखेला तुम्ही अमुक संघाविरुद्ध नऊ इनिंग पिचिंग केलंत, असा. पैशाचा उल्लेख नको आणि सहीची मागणी तर मुळीच नको. दहा-बारा दिवसांनी म्होरक्याने फोन करावा.

तपासा: निम्म्या हयात खेळाडूंपर्यंत पोहोचलात का? आणि त्यातल्या पंधरा-वीस जणांनी "येईन" म्हटलं का? नसेल तर तारीख जाहीर करू नका. यादी फेसबुकवर टाकू नका, कमिटीबाहेर पाठवू नका. फोन नंबर तर नाहीच.

टप्पा ४: तारीख

हंगाम एप्रिल ते सप्टेंबर. २०२१ पासून बहुतेक मालिका मंगळवार ते रविवार सहा सामन्यांच्या आणि सोमवार सुट्टीचा. आजच्या क्लबबरोबर मेळावा करायचा तर घरच्या मैदानावरच्या मालिकेतला शनिवार-रविवार निवडा. वेळापत्रक हाती आल्याशिवाय तारीख छापू नका.

पाहुण्यांच्या वयावर बरंच काही ठरतं. चाळिशी-पन्नाशीतले माजी खेळाडू बरेचदा कोच किंवा स्काउट (नवे खेळाडू हेरणारे) असतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्यांना उसंत नसते. त्यांच्यासाठी नोव्हेंबर किंवा जानेवारी बरा. डिसेंबरच्या सुरुवातीला विंटर मीटिंग्ज (क्लबांच्या वार्षिक बैठका) असतात, तो आठवडा टाळा. सत्तरीपुढच्यांसाठी मे किंवा जूनचा पहिला पंधरवडा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी उघड्या स्टँडमध्ये त्यांना बसवू नका. जुलैच्या अखेरीला कूपर्सटाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा सोहळा असतो, तेव्हा उत्साही मंडळी तिकडे जातात.

परदेशी खेळाडूंसाठी व्हिसाचा काळ धरा. डॉमिनिकन प्रजासत्ताक किंवा व्हेनेझुएलाहून येणाऱ्यांना निमंत्रणपत्र सगळ्यांच्या आधी जायला हवं. प्वेर्तो रिकोच्या खेळाडूंना व्हिसा लागत नाही, हे कमिटीला स्पष्ट सांगा. त्यांच्याकडे व्हिसाची चौकशी करणं त्यांना लागतं.

टप्पा ५: पैसे आणि कागद

मेजर लीगमध्ये कधीच न पोहोचलेल्या जुन्या खेळाडूंना मेजर लीगच्या योजनेतून पेन्शन नाही. खेळत होते तेव्हाही महिन्याला काहीशे डॉलर, तेही हंगामाचे महिने सोडून शून्य. सिंगल-ए या खालच्या पायरीसाठी वर्षाला किमान २६,२०० आणि ट्रिपल-ए या सर्वात वरच्या पायरीसाठी ३५,८०० डॉलर हे २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारानंतरचे आकडे आहेत. तेव्हा माणशी दीडशे डॉलरचं जेवण ठेवून "पडेल कोणाला जड?" असं गृहीत धरू नका. खेळाडू आणि एक सोबती यांचं जेवण फुकट. खर्च प्रायोजकांकडून आणि गावकऱ्यांच्या तिकिटांतून काढा. प्रवासखर्चाला थोडी रक्कम बाजूला ठेवा आणि ती गुपचूप द्या. यादी वाचून नाही.

पैसे कोणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका. वाचनालयाच्या मित्रमंडळासारखी करमुक्त संस्था सोबत घ्या आणि तिच्या खात्यातून व्यवहार करा. मैदान नगरपालिकेचं असेल तर एका दिवसाचा दायित्व विमा आणि त्यात नगरपालिकेचं नाव, हे मागितलं जातंच. रॅफलला बऱ्याच राज्यांत परवाना लागतो. बीअर विकायची तर तो परवाना वेगळा.

सावध: जुनं बोधचिन्ह टी-शर्टवर छापण्याआधी त्याचा मालक शोधा. क्लब बंद पडला म्हणून नाव मोकळं होत नाही. लेखी परवानगी घ्या. नाहीतर नुसतं गावाचं नाव आणि वर्षं छापा, ती कोणाच्या मालकीची नसतात.

हॉटेलच्या खोल्या गटाने राखताना करारातलं न भरलेल्या खोल्यांचं कलम वाचा. तीस खोल्या धरल्या आणि अठरा भरल्या तर उरलेल्यांचं बिल कमिटीला येऊ शकतं. आधी पंधरा धरा, मग वाढवा.

टप्पा ६: जागा

आता कुठे हॉल. तळमजला, जवळ स्वच्छतागृह, बसायला पाठ असलेल्या खुर्च्या, आणि कमी घुमणारा आवाज. कर्णयंत्र लावणाऱ्यांना घुमणाऱ्या हॉलमध्ये एक शब्द कळत नाही. हॉलपेक्षाही महत्त्वाची म्हणजे हॉटेलमधली एक मोठी खोली, दोन दिवस सतत उघडी, आत कॉफी आणि जुन्या स्कोअरकार्डांचं टेबल. खऱ्या गप्पा तिथेच होतात. बजेट कापायचं झालं तर बँड कापा, ही खोली नको.

टप्पा ७: दोन दिवसांचा क्रम

शुक्रवारी संध्याकाळी नुसत्या गप्पा. भाषण नाही, माइक नाही. शनिवारी सकाळी मोकळं, दुपारी गटफोटो, संध्याकाळी मैदान. रविवारी नाश्ता आणि निरोप. मराठी कमिटीला रिकामा वेळ दिसला की त्यात सत्कार घालायची खुमखुमी येते, ती आवरा.

नावाचे बिल्ले मोठ्या अक्षरात, त्यावर तरुणपणचा फोटो आणि हंगाम. पन्नास वर्षांनी चेहरे ओळखू येत नाहीत आणि विचारायला संकोच वाटतो.

माजी खेळाडूंचा सामना भरवू नका. साठीच्या माणसाला फलंदाजी करून पहिल्या बेसकडे पळावंसं वाटतं, आणि तिथेच मांडीचा स्नायू जातो. पहिला चेंडू टाकण्याचा मान जरूर द्या, पण माउंडवरून (पिचरच्या उंचवट्यावरून) ६० फूट ६ इंच टाकायला लावू नका. प्लेटच्या (फलंदाजापुढच्या पाटीच्या) जवळ, सपाट जमिनीवरून टाकू द्या आणि आदल्या दिवशी दोन चेंडू टाकून बघायला सांगा.

मैदानावर नावं पुकारताना अकारविल्हे किंवा हंगामाच्या क्रमाने पुकारा. मेजर लीगवाल्यांना शेवटी टाळ्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत बंद करा. निवेदकाला उच्चार आधी लिहून द्या आणि ज्याचं नाव त्याच्याकडूनच तपासून घ्या. दिवंगतांची नावं एकदाच, सावकाश, सगळी वाचा.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या क्लबांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. "काय सोन्याचे दिवस होते" असं निवेदन लिहाल तर समोर असे कृष्णवर्णीय खेळाडू बसलेले असू शकतात, ज्यांना संघ हॉटेलात जेवत असताना बसमध्ये थांबावं लागलं होतं. निवेदन त्यांच्यापैकी एकाला आधी वाचून दाखवा. कोणाला त्यावर बोलायचं असेल तर वेळ द्या. नसेल तर व्यासपीठावर आग्रह धरू नका.

सावध, सह्या: सह्यांचा व्यापार करणारे हमखास येतात, हातात डझनभर चेंडू घेऊन. वेळ ठरवा, माणशी एक वस्तू, आणि खेळाडूंच्या खोलीत प्रवेश नाही.

टप्पा ८: नोंदी आणि नंतरचे पंधरा दिवस

एका कोपऱ्यात स्कॅनर आणि एक स्वयंसेवक ठेवा. फोटो ६०० डीपीआयवर तिथल्या तिथे स्कॅन करून मालकाच्या हातात परत. "नंतर पाठवतो" म्हणून ठेवून घेऊ नका. फोटोतली माणसं डावीकडून उजवीकडे त्याच क्षणी लिहून घ्या. आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या तर शांत खोली, एका वेळी एकच माणूस, फार तर चाळीस मिनिटं, आणि सुरुवातीलाच सहीचं संमतीपत्र. "तुमचा सर्वात आवडता क्षण कोणता?" विचाराल तर घासून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळेल. राहायचे कुठे, बसमध्ये कोण कुठे बसायचं, काढून टाकल्याचं कोणी आणि कसं सांगितलं, हे विचारा.

मेळावा संपल्यावर पंधरा दिवसांत गटफोटो सगळ्यांना टपालाने पाठवा, न आलेल्यांनाही. उरलेल्या पैशांचा हिशेब प्रायोजकांना द्या. शेवटी तक्ता दुरुस्त करा: नवे पत्ते, परत आलेली पत्रं, मेळाव्यात कळलेली निधनं. त्याची एक प्रत फोन नंबर वगळून वाचनालयाच्या संग्रहात, आणि पूर्ण प्रत पुढच्या कमिटीच्या दोन माणसांकडे ठेवा. एकाकडे ठेवलेली यादी त्याने गाव सोडलं की त्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर जाते.